तारीचा वाटा

सरका जरा आत, म्हणजे ही पिशवी ठेवता येईल. घाई असली तरी काही उपयोग नाही हं. बारा माणसं भरल्याशिवाय ही बमबोट चांगीचा धक्का सोडत नाही. उबीन बेटावर सायकल चालवायला निघालात ना? मराठीत बोलताना ऐकलं, म्हणून इथं येऊन बसले. मी गिरिजा. उबीनच्या मागच्या अंगाला, जोहोरच्या खाडीत आमची मासेशेती आहे. बोट भरेपर्यंत एक गोष्ट सांगते. बोटीत बसूनच सांगायची गोष्ट आहे ती, का ते पुढे कळेल.

पाणी बिघडलंय हे आमच्याकडे सगळ्यात आधी सासूबाईंना कळलं.

तरंगत्या फळ्यांची चौकट, चौकटीत जाळ्यांचे पिंजरे आणि पिंजऱ्यांत जिताडा, अशी आमची शेती. माझा नवरा विश्वास कित्येक वर्षं जहाजावर मरीन इंजिनिअर होता. समुद्रावरून उतरला तो थेट समुद्रातच शेती करायला बसला, काय म्हणायचं! पासिर रिसला फ्लॅट आहे आमचा, पण हंगाम वाईट असला की मुक्काम फळ्यांवरच. सासूबाई, सुलेखा त्यांचं नाव, चौऱ्याऐंशीच्या आहेत. मुलगा म्हणतो फ्लॅटमध्ये राहा, तर म्हणतात, लिफ्टमध्ये जीव घाबरतो. फळी हलते त्याचं काही नाही, लिफ्ट हलली की घाबरतात.

तर त्या दिवशी सकाळी आई फळीच्या कडेला बसल्या होत्या. पाण्यात हात घातला, बोटं एकमेकांवर चोळून बघितली, आणि मला हाक मारली, "गिरिजा, पाण्याक वास येता गो." आई मालवणी बोलतात. मी तुम्हाला कळेल असं सांगते.

मी वाकून बघितलं. पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. खाद्य टाकलं तर एक मासा वर येईना. एरवी कसे उसळतात, अंगावर पाणी उडवतात मेले.

"प्लँक्टन आलंय," विश्वास म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. पाण्यातला हा बारीक शेवाळासारखा जीव वाढला की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरून मरतात. पिंजऱ्यांना बाहेरून ताडपत्री लावायची, खाद्य बंद ठेवायचं आणि पंपाने पाण्यात हवा सोडत राहायचं, एवढंच आपल्या हातात. ताडपत्र्या आम्ही लावल्या. दोर ओढून माझ्या तळव्यांना फोड आले. आणि नेमका त्याच दिवशी आमचा मोठा पंप बसला. विश्वासने तो उघडला, ग्रीसने कोपरापर्यंत माखला, पण पंप काही हलेना. शेजारच्या शेतीवाल्यांना फोन केले. पाणी सगळ्यांचंच बिघडलेलं, पंप कोण देणार?

दुपारी फोन वाजला तो निशिकांतसरांचा. हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत मोठे साहेब आहेत. आईंचं माहेर आणि यांचं गाव एकच, तेरेखोल खाडीवरचं तरवडे. गणपतीला मंडळात भेट झाली तेव्हा ते कळलं होतं. विश्वासने त्यांना पंप बसल्याचं सांगितलं.

"पंप ना? शनिवारी मी स्वतः घेऊन येतो," ते म्हणाले. "आणि विश्वास, तुझ्या आईंशी जरा बोलायचं होतं."

"हो सर. या ना सर," विश्वास म्हणाला. स्वतःच्या शेतीवर उभा राहून सर, सर करत होता. मला ते ऐकवेना.

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ पान्ह्याशी चाळा करत बसला. मग सरांकडून कळलेलं सगळं त्याने मला सांगितलं. गोवा मोकळा व्हायच्या आधीची गोष्ट, पंचावन्न सालची. खाडीच्या अलीकडे आपलं राज्य, पलीकडे पोर्तुगिजांचं. गोव्यातल्या लढणाऱ्यांना अलीकडून गुप्त निरोप जायचे, पलीकडून बातम्या यायच्या, पाकल्यांचे, म्हणजे पोर्तुगिजांचे, शिपाई किती, कुठे, बंदुका कुठे ठेवल्यात. निरोप सगळे तोंडी. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढच्या माणसांची नावं माहीत. त्याला साखळी म्हणायचे. तरवड्याचे मनोहर मास्तर त्या साखळीत होते. ते निशिकांतसरांचे वडील. आता गावात जुन्या तरीवर, म्हणजे होडी लागायची तिथं, साखळीतल्या माणसांच्या नावांचा दगड बसणार होता. मजकूर निशिकांतसरांनी लिहिलेला. रविवारी ते गावी पोचणार आणि सोमवारी पाथरवट अक्षरं कोरायला घेणार.

"मग चांगलं आहे की," मी म्हटलं.

"शेवटची ओळ अशी आहे," विश्वास म्हणाला, "की बाबी तारीच्या फितुरीमुळे साखळी तुटली."

बाबी तारी म्हणजे आईंचे वडील. गावची तर चालवायचे, माणसं खाडीपार नेऊन सोडायचे.

"आणि हे आईंना कशाला सांगायचं?"

"त्या वेळचं आता कोणीच उरलं नाही. एकदा आईने ऐकावं आणि बरोबर आहे म्हणावं, म्हणजे त्यांच्या मनाला बोचणी नको."

माझं डोकंच फिरलं. बापाच्या नावाला काळं फासायचं आणि वर लेकीने मान डोलवायची! "नको आपल्याला त्यांचा पंप," मी म्हटलं.

विश्वास पिंजऱ्यांकडे बघत होता. चार-पाच जिताडे वर येऊन तोंडं उघडत होते. "अडला हरी, गिरिजा," तो म्हणाला. पुढचं त्याने म्हटलंच नाही.

आई आमच्या मागेच बसून जाळ्यावरची कालवं खरवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा सुरा एकदाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी डिझेल संपत आलं म्हणून मी आमची छोटी होडी घेऊन उबीनला निघाले. आई म्हणाल्या, मी येते. मी म्हटलं, ऊन आहे. तोवर त्या होडीत बसल्यासुद्धा. आम्ही मध्यावर आलो तेव्हा म्हणाल्या, "इंजिन बंद कर."

मला वाटलं बरं वाटत नसेल. मी बंद केलं. होडी तशीच वाहू लागली.

"आमच्या तरीचे नेम होते," आई म्हणाल्या. "तारीने कोणाला नाही म्हणायचं नाही. चोर असो, पाकला असो, बाळंतीण असो. कुठे चाललास, कशाला चाललास, विचारायचं नाही. पैसा घ्यायचा नाही. सुगी झाली की प्रत्येक घरातून भात यायचं, तो तारीचा वाटा. आणि होडीत जे बोलणं होईल ते किनाऱ्यावर न्यायचं नाही. होडीतलं होडीत. बाबांनी मला हे होडीत सांगितलं, मी तुला होडीत सांगते."

तर आता मीही हे तुम्हाला कुठे बसून सांगतेय ते बघा. नेम मोडलेला नाही.

मनोहर मास्तर निरोप घेऊन पलीकडे गेले आणि पकडले गेले. पोलिसांनी त्यांना मारमार मारलं आणि हद्दीवर आणून सोडून दिलं. ते बाबी तारीच्या होडीत चढले ते दोन्ही हात पोटाशी धरून. बोटं मोडली होती, होडीची कड धरता येईना. होडीत दोघंच. मधल्या पाण्यात मास्तर म्हणाले, "बाबी, मी दोन नावं सांगितली रे." आणि उडी मारायला उठले. तारीने वल्हं आडवं घातलं. म्हणाला, "जीव द्यायचाय तर माझ्या होडीतून नाही. खाली बस."

ती दोन माणसं त्याच आठवड्यात पकडली गेली. एक तुरुंगातच मेला. मास्तर तापाने फणफणलेले, शुद्ध नाही. गावात सगळे विचारायला लागले, फितूर कोण? आणि त्याच आठवड्यात बाबी तारीने पलीकडचे पोलीस होडीतून नेलेले चार लोकांनी पाहिले होते. तारी नाही म्हणूच शकत नव्हता, नेमच तसा! पण गावाला एक माणूस हवा होता, तो मिळाला. मास्तर शुद्धीवर आले तोवर तारीच्या घरावर थुंकून झालं होतं.

"मग मास्तरांनी सांगायला नको होतं?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"सांगणार होते. काठी टेकत तरीवर आले. बाबांनी त्यांना होडीत बसवलं, मध्ये नेलं. आणि म्हणाले, मास्तर, मला फितूर म्हटलं तर लोक दुसऱ्या होडीने जातील. तुम्हाला फितूर म्हटलं तर लोक घरातच बसतील. काम थांबेल. तुम्ही पोरं शिकवा."

डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चालू कर इंजिन. डिझेल आणायचंय."

"आई, शनिवारी तो माणूस येतोय. सांगून टाका त्याला!"

"होडीतलं होडीत, गिरिजा."

बघा आता. हातात असं हत्यार दिलं आणि म्हणे वापरू नकोस. माझ्या जिभेला हाड नाही हे त्यांना ठाऊक आहे, तरी मलाच सांगितलं.

शनिवारी निशिकांतसर आले. भाड्याच्या लाँचमधून पंप आणला, चांगले बूट घालून फळीवर उतरले आणि पहिल्याच पावलाला घसरले. हाताला कालवं लागून रक्त आलं. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. पण माणूस वाईट नाही हो. रुमाल बांधला आणि विश्वासबरोबर पंप उचलायला लागला. नळ्या जोडल्या, पंप सुरू झाला. तोवर एका पिंजऱ्यातले मासे गेले होते. पांढरी पोटं वर करून तरंगत होते. आम्ही सगळ्यांनी जाळीच्या झाऱ्यांनी ते काढून पोत्यांत भरले. साहेबांनीही भरले. पाठ वाकून गेली, अंगभर खवले चिकटले, वास तर नाकातून जाईना. माझी मुलगी किमया नाकाला ओढणी बांधून पोती धरत होती.

दुपारी कुळथाची पिठी आणि भात खाल्ला. जेवल्यावर सरांनी फोन काढला. "काकी, मी वाचून दाखवतो. तुम्ही ऐका. चुकलं असेल तर सांगा."

त्यांनी वाचलं. आवाज चांगला आहे त्यांचा. सगळ्यात वर मनोहर मास्तर, मग ते तुरुंगात गेलेले दोघं, मग बाकीचे. शेवटच्या ओळीशी आवाज जरा खाली आला, पण ती ओळही त्यांनी वाचली.

आई पंपाचा आवाज ऐकत असल्यासारख्या बसून होत्या.

किमयाला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्लिश. ती म्हणाली, "अंकल, सो आज्जीज फादर वॉज द बॅड गाय, इज इट?"

विश्वासने मान खाली घातली. इतका मोठा माणूस, जहाजाची इंजिनं चालवलेला, आणि पोरीसमोर मान खाली. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "निशिकांतसर," मी म्हटलं, "तुमच्या वडिलांनी..."

आईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या खवले चिकटलेल्या बोटांत एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. आम्ही फळीवर होतो, होडीत नव्हतो. मी गप्प बसले. मूग गिळणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं.

"मास्तरांचं नाव वर घातलंस, बरं केलंस," आई म्हणाल्या. "शाळा चांगली चालवली त्यांनी."

"आणि शेवटची ओळ, काकी?"

"तुला खरी वाटते ना? मग लिही."

सरांनी मान हलवली, फोन खिशात ठेवला. त्यांना हलकं वाटायला हवं होतं. पण ते फळीवर उगाच इकडे तिकडे फिरत राहिले.

संध्याकाळच्या आत त्यांना विमानतळ गाठायचा होता. लाँच पंप उतरवून परत गेली होती, म्हणून माझ्या होडीतून त्यांना उबीनच्या धक्क्यावर आणलं. आईंचं अंग दुखत होतं, म्हणून त्यांनाही फ्लॅटवर न्यायचं ठरलं. धक्क्यावर अशीच एक बमबोट उभी होती. आत आम्ही तिघं, एक चिनी जोडपं आणि त्यांच्या सायकली. बोटवाला अंकल खुर्चीत पेपर वाचत बसलेला. बारा व्हायला बरेच जण हवे होते.

सर घड्याळ बघायला लागले. मग बोटवाल्याला म्हणाले, "रिकाम्या जागांचं मी देतो. चला."

बोटवाला उठला. तेवढ्यात आई म्हणाल्या, "थांब रे. भरू दे. मागून येणारा कोणी राहून जाईल."

बोटवाल्याला शब्द कळले नसतील, पण म्हातारीचा हात कळला. तो परत बसला. सरही बसले. फोन काढला, परत ठेवला. बांधलेल्या रुमालाची गाठ सोडली, परत बांधली.

"काकी," ते एकदम म्हणाले, "तुम्ही रागावला असतात तर मला बरं वाटलं असतं."

आई धक्क्याकडे बघत होत्या.

"माझे वडीलही असेच होते, रागवायचेच नाहीत. बाबी तारीचं नाव निघालं की उठून जायचे. गावाने तारीचा वाटा बंद केला ना, तेव्हा आमच्या घरातून मात्र जायचा. लपून. सुगी झाली की वडील स्वतः पोतं पाठीवर घेऊन पहाटे तुमच्या दारात ठेवून यायचे. मोडक्या बोटांनी. मी मोठा झाल्यावर भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, ज्याने तुमची बोटं मोडवली त्याला भात दिलात? तर म्हणायचे, तू त्या होडीत बसलेला नाहीस."

ते हसायला गेले. "मला वाटायचं, केवढं मोठं मन. शत्रूलासुद्धा..."

आणि तिथंच थांबले.

मी आईंकडे बघितलं नाही.

"एकदा एक बाई आली होती," सर हळू आवाजात बोलायला लागले. "मी लहान होतो. पोतं परत घेऊन आली. वडील दारात उभे राहून रडले. माझ्या वडिलांना रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत." त्यांनी मान वर केली. "काकी, ती बाई?"

"मीच ती," आई म्हणाल्या. "बाबा गेले, आमची तर बंद झाली. होडीच बंद झाल्यावर वाटा कसा घ्यायचा? म्हणून परत केला." मग जराशाने म्हणाल्या, "त्याआधी दरवर्षी आला तो खाल्ला आम्ही. चांगला भात होता. पुरला."

निशिकांतसर त्या पाण्याकडे बघत बसले. काय कळायचं ते त्यांचं त्यांना कळलं होतं. त्यांच्याच तोंडून निघालं होतं ते, आमच्यापैकी कोणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. इतके दिवस मला त्या माणसाला तोंडावर सुनवायचं होतं. आणि आता त्याचा चेहरा बघून मला ते नको झालं. साठी उलटलेला माणूस, त्याचा बाप त्याच्यासमोर पुन्हा एकदा मार खात होता.

"त्या दिवशी होडीत," त्यांनी विचारलं, "वडील काही बोलले होते?"

"होडीतलं होडीत असतं, बाळा," आई म्हणाल्या.

बाळा म्हणाल्या हो त्याला. मला नाही जमलं असतं.

माणसं येत गेली. एक शाळकरी घोळका आला आणि बोट भरली. बोटवाल्याने पेपर घडी करून ठेवला. सरांनी फोन काढला आणि अंगठ्याने काहीतरी पुसलं. बराच वेळ पुसत होते, ओळ काही एवढी मोठी नव्हती. मग म्हणाले, "काकी, बाबी हे घरचं नाव. त्यांचं खरं नाव काय?"

लग्न होऊन माझी इतकी वर्षं गेली, पण ते नाव मीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. गावाने ते नाव घेणंच सोडलं होतं.

"सखाराम," आई म्हणाल्या. "सखाराम तारी."

"वर घालतो. वडिलांच्याही वर."

"नको." आई ताठ बसल्या. "मास्तरांचं वरच राहू दे. पोरं शिकवली त्यांनी. बाबांचं खाली घाल, सगळ्यांच्या खाली."

"खाली का, काकी?"

आईंनी बोट दाखवलं. बोटवाल्याने धक्क्यावरचा दोर सोडला होता. सगळे बसलेत ना बघितलं, दोन्ही हातांनी बोट ढकलली आणि ती सुटता सुटता टांग टाकून आत आला.

"तारी सगळ्यात शेवटी चढतो," आई म्हणाल्या.

चांगी आली. धक्क्यावर सरांनी आईंना हाताला धरून उतरवलं आणि तिथंच, शाळकरी पोरांच्या गर्दीत, खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग टॅक्सीकडे धावले.

पंप अजून आमच्याकडेच आहे. निम्मे मासे गेले, निम्मे वाचले.

हा बघा, बारावा आला तुमचा. सायकल आत घ्या हो, पाय लागतोय. बाहेर उतरल्यावर हे कोणाला सांगू नका. आणि आता तो अंकल दोर सोडेल, तेव्हा जरा बघा त्याच्याकडे.